द्रव्य तरंग आणि दोन तारांमधला फोर्स: फॉर्म्युले पाठ असून गणित का चुकतं

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. दहावी मराठी मीडियममधून झाली, आता बारावी सायन्स चोपड्याला, फॉर्म्युले सगळे पाठ आहेत तरी सीईटीच्या सराव पेपरात दोन ठिकाणी हमखास मार्क जातात, एक डी ब्रॉग्लीची वेव्हलेंथ आणि दुसरं समांतर तारांमधला फोर्स. आणि शेवटी तू विचारलंस की केळीच्या मळ्यातल्या मोटारीच्या केबलमध्ये एसी करंट असतो, त्याची दिशा सेकंदाला शंभर वेळा पलटते, मग त्या तारा एकमेकींना ओढतात का ढकलतात. हा प्रश्न खरंच छान आहे, त्याच्यावर येतोच, पण आधी तुझी दोन दुखणी बघू.

जळगाव-भुसावळ भागात बरीच वर्षं हाच विषय शिकवतोय, त्यावरून सांगतो की या दोन्ही चॅप्टरमध्ये पोरं आकडेमोडीत चुकत नाहीत, फॉर्म्युला उचलायच्या आधीच चुकतात. डी ब्रॉग्लीच्या गणितात पहिल्यांदा विचारायचं की "दोघांचं सारखं काय दिलंय?" आणि तारांच्या गणितात विचारायचं की "कोणाच्या फील्डमध्ये कोण उभं आहे?" हे एक एक वाक्य वहीत मराठीत लिही, मग फॉर्म्युल्याला हात लाव.

डी ब्रॉग्लीने १९२४ च्या त्याच्या थिसिसमध्ये सांगितलेली गोष्ट एका ओळीची आहे, लॅम्डा = एच ÷ मोमेंटम. लॅम्डा म्हणजे वेव्हलेंथ, एच म्हणजे प्लँकचा स्थिरांक, मोमेंटम म्हणजे मास × वेग. बस. बाकी जे पाच-सहा फॉर्म्युले गाईडमध्ये चौकटीत छापलेले असतात ते सगळे याच्यातूनच निघतात, मोमेंटमच्या जागी काय टाकायचं एवढाच फरक. आता इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन घे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. प्रश्नात "सेम स्पीड" असेल तर मोमेंटम १८३६ पट, म्हणून इलेक्ट्रॉनची लॅम्डा १८३६ पट मोठी. "सेम कायनेटिक एनर्जी" असेल तर मोमेंटम = रूट (२ × मास × एनर्जी), म्हणजे मास रूटच्या आत गेलं, रेशो येतो रूट १८३६, साधारण ४३. "सेम मोमेंटम" असेल तर दोघांची लॅम्डा सारखीच, काही करायचंच नाही. कण तेच दोन, प्रश्नातला एकच शब्द बदलला आणि उत्तरं तीन झाली, १८३६, ४३ आणि १. पेपर काढणारा नेमका हा शब्द बदलतो आणि तिन्ही उत्तरं ऑप्शनमध्ये ठेवतो.

"सेम पोटेन्शियल", म्हणजे दोघांना सारख्याच व्होल्टने पळवलं, असं दिलं की अजून एक पायरी वाढते कारण एनर्जी = चार्ज × व्होल्ट. इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचा चार्ज सारखा असल्यामुळे तिथे फरक पडत नाही आणि पोरांना वाटतं चार्ज बघायचाच नसतो, मग अल्फा पार्टिकल (हेलियमचं केंद्रक) आला की घोळ होतो. अल्फाचं मास प्रोटॉनच्या साधारण ४ पट, चार्ज २ पट, म्हणजे सेम व्होल्टवर मोमेंटम रूट (४ × २) = रूट ८ पट, म्हणून प्रोटॉनची लॅम्डा अल्फाच्या २.८३ पट. २ हे उत्तर आलं तर समज की चार्ज राहिला. आणि लॅम्डा = १२.२७ ÷ रूट व्ही (व्ही म्हणजे व्होल्ट) हे फक्त आणि फक्त इलेक्ट्रॉनसाठी आहे, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये येतं. १२.२७ च्या पोटात इलेक्ट्रॉनचं मास आणि चार्ज आधीच टाकलेलं आहे, प्रोटॉनला ते लावलंस की उत्तर ४३ पट मोठं येणार. प्रोटॉनसाठी त्या जागी ०.२८६ येतं, पण पाठ करू नकोस, ४३ ने भागलं की झालं.

दुसरी मोठी चूक फोटॉनवाली (फोटॉन म्हणजे प्रकाशाचा कण), ती जरा निवांत बघ कारण हुशार पोरंही इथे फसतात. प्रश्न असतो की एक फोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, दोघांची वेव्हलेंथ १ अँगस्ट्रॉम, एनर्जी कोणाची जास्त? पोरगं लिहितं एनर्जी = एच सी ÷ लॅम्डा (सी म्हणजे प्रकाशाचा वेग), लॅम्डा सारखी, म्हणून एनर्जी सारखी. चूक. लॅम्डा सारखी म्हणजे मोमेंटम सारखं, एवढंच. मोमेंटमवरून एनर्जीकडे जायचा रस्ता दोघांचा वेगळा आहे, फोटॉनचा मोमेंटम × सी, आणि इलेक्ट्रॉनची कायनेटिक एनर्जी म्हणजे मोमेंटमचा वर्ग ÷ (२ × मास). आकडे टाकून बघ, फोटॉनची येते साधारण १२,४०० इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनची फक्त १५०. ब्याऐंशी पट फरक. एच सी ÷ लॅम्डा हे इलेक्ट्रॉनला कधीच लावायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिही.

आता तुला शंका येईल की हे सगळं खरं कशावरून. १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांनी निकेलच्या क्रिस्टलवर इलेक्ट्रॉन सोडले, ५४ व्होल्टला ५० डिग्रीवर स्पष्ट शिखर दिसलं. १२.२७ ÷ रूट ५४ कर, १.६७ अँगस्ट्रॉम येतं. प्रयोगातून आलं १.६५. हे उत्तर दोन पद्धतींनी काढतात आणि पुस्तकात एके ठिकाणी ५० डिग्री, दुसऱ्या ठिकाणी ६५ डिग्री बघून पोरं गोंधळतात. ५० म्हणजे आलेला किरण ज्या रेषेत परत गेला असता तिच्यापासून मोजलेला कोन, आणि ६५ म्हणजे ब्रॅगच्या नियमातला, क्रिस्टलच्या प्रतलापासून मोजलेला कोन. (१८० – ५०) ÷ २ = ६५. त्याच्यासोबत प्रतलांमधलं अंतर ०.९१ अँगस्ट्रॉम घ्यायचं, २ × ०.९१ × साइन ६५ = १.६५. नाहीतर पृष्ठभागावरच्या अणूंच्या रांगांमधलं अंतर २.१५ घे आणि साइन ५० ने गुण, तरी १.६५. कोन एका पद्धतीचा आणि अंतर दुसऱ्या पद्धतीचं घेतलं की उत्तर गेलं. त्याच साली जी. पी. थॉमसननेही वेगळ्या प्रयोगात इलेक्ट्रॉनचं डिफ्रॅक्शन दाखवलं. त्याच्या वडिलांनी, जे. जे. थॉमसननी, इलेक्ट्रॉन हा कण म्हणून शोधला आणि मुलाने तो तरंग म्हणून दाखवला, मला ही गोष्ट वर्गात सांगायला दरवेळी आवडते.

मोठ्या वस्तूंचं गणितही येतं, त्यात पोरं आकडा काढतात आणि सोडून देतात, पण आकड्याकडे बघायला शिक. ज्वारीचा एक दाणा ३० मिलिग्रॅमचा धर, सेकंदाला १ मीटर वेगाने जातोय. एच म्हणजे ६.६३ × १० रेज टु मायनस ३४, मोमेंटम ३ × १० रेज टु मायनस ५, लॅम्डा आली २.२ × १० रेज टु मायनस २९ मीटर. अणूचं केंद्रकच १० रेज टु मायनस १५ च्या घरात, म्हणजे ही लॅम्डा त्याच्याही कैक कोटी पटींनी लहान, एवढ्या बारीक फटीचं डिफ्रॅक्शन दाखवायला जगात काही नाही. यावर वर्गात एक प्रश्न येतोच, सर दाणा थांबवला तर वेग शून्य, मग लॅम्डा अनंत, मग तो तरंग दिसायला पाहिजे ना? चांगला प्रश्न आहे, उत्तर आकड्यांनीच द्यायचं. लॅम्डा नुसती १ मिलिमीटर यायची तरी दाण्याचा वेग सेकंदाला २.२ × १० रेज टु मायनस २६ मीटर पाहिजे, आणि त्या वेगाने तो दाणा १ मिलिमीटर सरकायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या लाखपट वेळ लागेल. दाण्याला नुसता हवेचा एक रेणू धडकला तरी वेग याच्यापेक्षा प्रचंड वाढतो. "थांबलेला" दाणा या अर्थाने थांबलेला नसतोच.

आता तारांकडे. १८२० साली ओर्स्टेडने करंटमुळे होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं आणि त्याच वर्षी अँपिअरने दाखवलं की दोन तारा एकमेकींवरही जोर लावतात. एकाच दिशेचे करंट ओढतात, उलट दिशेचे ढकलतात. चार्जच्या नियमाच्या हे उलटं वाटतं, तिथे सारखे ढकलतात ना, म्हणून परीक्षेत घाईत उलटं लिहिलं जातं. पाठांतरावर सोडू नकोस, दर वेळी दोन पायऱ्या कर. पहिल्या तारेचं फील्ड दुसरीच्या जागी कुठल्या दिशेला आहे ते उजव्या हाताच्या अंगठ्याने काढ, मग त्या फील्डमध्ये दुसऱ्या तारेवर फोर्स कुठे ते डाव्या हाताच्या नियमाने. तारेवर स्वतःच्या फील्डचा फोर्स धरायचा नाही, हे "कोणाच्या फील्डमध्ये कोण" विचारलं की आपोआप सुटतं.

आकडा असा: दर मीटरला फोर्स = २ × १० रेज टु मायनस ७ × पहिला करंट × दुसरा करंट ÷ अंतर. म्यू नॉट ÷ २ पाय करत बसू नकोस, ते २ × १० रेज टु मायनस ७ च आहे. आधी अँपिअरची व्याख्याच यावर होती, १ मीटर अंतरावर १-१ अँपिअर असेल तर दर मीटरला हा फोर्स. २० मे २०१९ पासून ती व्याख्या बदलली, आता इलेक्ट्रॉनच्या चार्जचा आकडा पक्का करून अँपिअर ठरवतात. गाईडमध्ये अजून जुनी असेल तर गणितासाठी काही बिघडत नाही, पण "सध्याची व्याख्या" असा प्रश्न आला तर नवी लिही.

एक गणित पूर्ण सोडवून दाखवतो, लांब तार आणि तिच्या शेजारी चौकोनी लूप. तारेत २० अँपिअर, लूपची बाजू १० सेंटिमीटर, लूपमध्ये ५ अँपिअर, जवळची बाजू तारेपासून २ सेंटिमीटर आणि तिच्यातला करंट तारेच्याच दिशेने. पोरं काय करतात, लूपच्या मध्यबिंदूपर्यंतचं अंतर ७ सेंटिमीटर घेऊन एकदाच फॉर्म्युला मारतात. तसं नाही. फील्ड तारेचं आहे, उभ्या आहेत लूपच्या चार बाजू, म्हणून चार वेगळे फोर्स. वरची आणि खालची बाजू तारेपासून सारख्याच अंतरांवर पसरलेल्या आणि त्यांचे करंट उलटे, म्हणून त्यांचे फोर्स एकमेकांना खोडतात. राहिल्या दोन. जवळचीवर २ × १० रेज टु मायनस ७ × २० × ५ × ०.१ ÷ ०.०२ = १० रेज टु मायनस ४ न्यूटन, तारेकडे ओढणारा. लांबची १२ सेंटिमीटरवर, तिच्यावर ०.१७ × १० रेज टु मायनस ४, ढकलणारा. वजा कर, ०.८३ × १० रेज टु मायनस ४ न्यूटन, लूप तारेकडे ओढला जातो. लूपमधला करंट उलटा केला तर आकडा तोच, दिशा उलटी. जवळची बाजू जिकडे ओढते तिकडेच लूप जातो हे लक्षात ठेवलं तर ऑब्जेक्टिव्हमध्ये अर्धे ऑप्शन न लिहिता उडतात.

दुसरं आवडतं गणित म्हणजे तरंगणारी तार. खाली एक तार पक्की, वर दुसरी तार अधांतरी, करंट किती पाहिजे? इथे दोन करंट उलट दिशेचेच हवेत, ढकलून वर धरायचंय म्हणून. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घे, घरातल्या लाइटच्या वायरिंगला असते तसली, तिचं वजन दर मीटरला साधारण ९ ग्रॅम. अंतर ५ मिलिमीटर ठेवलं तर दोन्हीत सुमारे ४७ अँपिअर लागतात. एवढ्या करंटला ही वायर तापून इन्सुलेशन वितळेल, म्हणून हे गणित कागदावरच बरं. पण बोर्डाला पुढचा भाग विचारतात, तो समजून घे: वरची तार थोडी खाली ढकलली तर अंतर कमी, फोर्स जास्त, ती परत वर येते, म्हणजे वर-खाली हालचालीसाठी स्थिर, आणि पिरियड = २ पाय × रूट (अंतर ÷ जी), ५ मिलिमीटरला ०.१४ सेकंद. बाजूला सरकली तर मात्र अजून लांब ढकलली जाते. उलट केलं, म्हणजे वरची पक्की आणि खालची तिच्या ओढीने लटकलेली, तर वर-खाली अस्थिर. फोर्स अंतरावर कसा बदलतो एवढं बघायचं, वेगळं पाठांतर नको.

आता तुझा मोटारीचा प्रश्न. समज सिंगल फेजची मोटार आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमधून करंट एकीतून जातो आणि दुसरीतून परत येतो, म्हणजे कुठल्याही क्षणी दोन्हीतले करंट उलटेच. दिशा पलटते तेव्हा दोन्हींची एकदमच पलटते. उणे × उणे अधिक, त्यामुळे गुणाकाराचं चिन्ह कधी बदलतच नाही आणि तारा कायम एकमेकींना ढकलतात. फोर्स शून्य ते कमाल असा सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो, पण ओढण्याकडे कधीच जात नाही. सरासरी काढायला आरएमएस करंटच (एसीचा परिणामी करंट) टाकायचा, मोटारीला १० अँपिअर आणि तारांमध्ये ५ मिलिमीटर धरलं तर दर मीटरला ०.००४ न्यूटन, अर्ध्या ग्रॅमच्या वजनापेक्षा कमी, केबलला कळतही नाही. थ्री फेज असेल तर दोन फेजमधल्या करंटमध्ये १२० डिग्रीचा फरक, त्यामुळे काही क्षण ओढ आणि बराच वेळ ढकल, सरासरीत ढकलच उरते, सिंगल फेजच्या निम्मी, कारण कॉस १२० = उणे अर्धा. आणि शेतातली डीपी (ट्रान्सफॉर्मर) जो हूं आवाज करते ना, तो या फोर्सचा आहे असं बरेच जण सांगतात, तो मुख्यतः आतल्या लोखंडी कोरचा आवाज आहे, चुंबकत्व वाढलं-कमी झालं की कोर अगदी सूक्ष्म लांब-आखूड होतो. तिथेही दिशा पलटली तरी परिणाम तोच, म्हणून तोही सेकंदाला शंभरदाच.

हा फोर्स नगण्य आहे असं मात्र समजू नकोस. भुसावळजवळच्या दीपनगरच्या पॉवर स्टेशनकडून येणाऱ्या ४०० केव्हीच्या लाइनी कधी खालून नीट बघ, एका फेजला एक तार नसते, दोन किंवा जास्त तारा शेजारी-शेजारी असतात आणि थोड्या थोड्या अंतरावर त्यांच्यामध्ये स्पेसर लावलेले दिसतात. त्या तारांत करंट एकाच दिशेचा, म्हणून त्या एकमेकींना ओढतात. दोघींमध्ये ४५ सेंटिमीटर आणि प्रत्येकीत ५०० अँपिअर धर, दर मीटरला ०.११ न्यूटन. अशा लाइनीला वापरतात त्या मूज कंडक्टरचं वजनच दर मीटरला २ किलो, म्हणजे २० न्यूटन, त्याच्यापुढे हे काहीच नाही. पण लाइनवर फॉल्ट झाला आणि प्रत्येकीत २० हजार अँपिअर गेले तर? करंट ४० पट, फोर्स ४० चा वर्ग म्हणजे १६०० पट, दर मीटरला १७८ न्यूटन, तारेच्या स्वतःच्या वजनाच्या नऊ पट. ब्रेकर पडेपर्यंतच्या त्या क्षणात तारा एकमेकींवर आपटू पाहतात, स्पेसर नसेल तर तिथेच जखमी होतात. सब-स्टेशनमध्ये बसबारचे सपोर्ट एवढे दणकट का असतात याचंही हेच कारण. वर्ग काय करतो ते इथे बघ, फॉर्म्युल्यात दोन करंट शेजारी लिहिलेले असतात म्हणून तो वर्ग डोळ्याला दिसत नाही.

एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही पण दोन्ही चॅप्टर तिथे भेटतात. दोन तारा ओढतात, मग इलेक्ट्रॉनचे दोन झोत शेजारून सोडले तर? ते ढकलतात. झोतात नुसते इलेक्ट्रॉन असतात, त्यांचं विद्युत अपकर्षण जोरदार, आणि चुंबकी ओढ त्याच्या (वेग ÷ प्रकाशाचा वेग) च्या वर्गाइतकीच. १०० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला तो वेग सेकंदाला ५.९ × १० रेज टु ६ मीटर, रेशो येतो दहा हजारात चार. तारेत तर इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतात, रेशो १० रेज टु मायनस २३-२४ च्या घरात, तरी ओढ दिसते, कारण तारेतले पॉझिटिव्ह आयन इलेक्ट्रॉनचा चार्ज पूर्ण खोडून टाकतात आणि मागे फक्त ती चुंबकी ओढ उरते. हे मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा तारांच्या फॉर्म्युल्याकडे बघायची नजरच बदलली.

तोच १०० व्होल्टचा इलेक्ट्रॉन १ मिलिटेस्लाच्या फील्डमध्ये काटकोनात सोड, तो ३.३७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरेल. त्रिज्या = मोमेंटम ÷ (चार्ज × फील्ड), आणि लॅम्डा = एच ÷ मोमेंटम. मोमेंटम काढून टाक, लॅम्डा = एच ÷ (चार्ज × फील्ड × त्रिज्या). आकडे टाक, १.२३ अँगस्ट्रॉम, आणि १२.२७ ÷ रूट १०० करून तेच येतं. दोन वेगळ्या चॅप्टरमधून एकच उत्तर, ही पडताळणी स्वतःच्या हाताने एकदा कर.

मग हे करून मला कळव: एक प्रोटॉन आणि एक अल्फा, सेम फील्ड, सेम त्रिज्येचं वर्तुळ, प्रोटॉनची लॅम्डा अल्फाच्या किती पट? उत्तर २ यायला पाहिजे. मास कुठेच लागत नाही, २.८३ आलं तर तू परत पोटेन्शियलवालं गणित लावलंयस, इथे सारखं काय दिलंय ते वाचून पुन्हा सुरू कर.